टोपावरची खूण

दिलावरभाईंना जेवायला बोलवायचं म्हणजे काहीतरी सांडणार हे धरूनच चालायचं. वाटी हातात आली की हा माणूस आधी ती उलटी करून बुडाला काय उमटलंय ते वाचणार आणि मग त्याच्या लक्षात येणार की वाटीत बासुंदी होती. माझ्या चुलतभावाच्या साखरपुड्यात ती बासुंदी नवरीच्या मामाच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर गेली. प्लास्टिकची खुर्ची पुढे केली तर हे बसण्याआधी गुडघे टेकून तिच्या पोटाखाली बघतात. नव्या माणसाला वाटतं, खुर्ची मोडकी आहे की काय. तसं काही नसतं. खुर्चीखाली कंपनीची उठावाची अक्षरं असतात. ती आपल्या रणगाड्याला चालतील का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

आमच्या कडा गावात माझं झेरॉक्सचं दुकान आणि दिलावरभाईंचं वेल्डिंगचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि तीही पत्र्याची. त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू येतं. हा माणूस स्वस्थ बसलाय असं मी कधी ऐकलेलं नाही. ग्राइंडर थांबला की स्टूल सरकतं, स्टूल थांबलं की डबे खडखडतात आणि काहीच नसलं तर ते स्वतःशी भांडतात. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. यांच्या हातांनाही आहे.

गेट, खिडक्या, शेतातल्या कोळप्याची पास म्हणजे पातं, हे त्यांचं पोटाचं काम. जीव मात्र रणगाड्यांत. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे, दोन तळहातांवर मावणारे रणगाडे. मुलगा तन्वीर पुण्यात नोकरीला आहे, तो खोकी पाठवतो. खोक्यात प्लास्टिकच्या काड्यांना चिकटलेले सुटे भाग असतात. दुसरा कोणी असता तर ते जोडून, हिरवा रंग फासून मोकळा झाला असता. पण दिलावरभाईंची उमर नगरच्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून गेलेली. वाळूत साचा उठवायचा आणि त्यात रसरशीत लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. भाभीही त्याच फाउंड्रीत होत्या. साच्याच्या पोटात बसवायचे वाळूचे कोर त्या करायच्या. बायकांनी कोर करायचे, साच्याला हात पुरुषांनी लावायचा, असा तिथला रिवाज होता. लग्न तिथंच जमलं.

रणगाड्याचा वरचा टोप, ज्यातून तोफ बाहेर येते, तो जुन्या गाड्यांत सबंध ओतलेला असायचा. आणि ओतीव माल म्हटला की त्याच्या अंगावर साच्याचा नंबर, भट्टीची खूण हे उठून आलेलं असणारच. खोक्यातला टोप मात्र गुळगुळीत. पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा पत्र्याच्या पलीकडून मला ऐकू आलं, "ह्यो रणगाडा हाय का स्टीलची वाटी?"

तेव्हापासून हे सुरू झालं. टोपाला आधी प्लास्टिक विरघळवणारा पातळ गोंद लावायचा आणि तो ओला असताना जुन्या टूथब्रशने टोचत राहायचं, म्हणजे वाळूत ओतल्यासारखी खरबरीत कातडी येते. मग अक्षरं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं, डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या, तेलाच्या डब्यांची बुडं, जिथे म्हणून बारीक उठावाची अक्षरं असतील तिथून ती पात्याने साल काढावी तशी सोलून घ्यायची आणि ब्रशच्या टोकाने उचलून टोपावर बसवायची. अख्ख्या कड्यातले लोक त्यांना झाकणं आणून देतात. भाभी म्हणतात, घरात पीठ ठेवायला झाकणाचा एक डबा राहिला नाही.

या माणसाच्या नादी आमचे आबा लागले, ही गोष्ट त्याची.

माझे वडील विठ्ठलराव फौजेतून दफेदार म्हणून निवृत्त झाले. एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाड्यावर होते, तोफेत गोळे भरायचं काम त्यांचं. तेव्हा वय जेमतेम विशीचं. आता काचबिंदूने एक डोळा गेलेला आणि दुसऱ्यात जे उरलं होतं ते टिकणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. मला वाटलं होतं, आबा आता देवदर्शनाला घेऊन चल म्हणतील. ते काठी टेकत उठले आणि शेजारी गेले.

"दिलावर, मव्ही गाडी करून दे. डोळं हायत तवर एकदा बघू दे."

"कंची गाडी, आबा?"

"रशियाची. पर कंचीबी न्हाई. मव्हीच."

म्हणजे लढाईत ते ज्यावर होते तोच रणगाडा. मी झेरॉक्स मशीन बंद केलं आणि त्यांच्या दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. आबांनी टोपावरची उठावाची खूण टेबलावरच्या लोखंडी भुशात बोटाने काढून दाखवली. आधी एक रशियन अक्षर, दोन खांब आणि मधे तिरकी काठी. पुढे इंग्रजी आकड्यांत चारशे सतरा. टोपाच्या उजवीकडे, आबा ज्यातून वर यायचे त्या झाकणाच्या अगदी कडेला. दिलावरभाईंचे डोळे चमकायला लागले. असं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं.

"आन् हितं," आबांनी साताच्या पायाशी बोट टेकवलं, "एक टेंगूळ. आंगठ्याएवढं."

दिलावरभाईंचा हात थांबला. "टेंगूळ कशाचं?"

"मला काय ठावं? तू मोल्डर हायस."

"वाळूत कुणाचं बोट दबलं आसंल, तर त्या खड्ड्यात लोखंड भरतंय आन् मालावर टेंगूळ येतंय," दिलावरभाई म्हणाले. "पर आबा, त्यो माल रिजेक्ट आस्तो. तसा रणगाडा कुणी पास करंल का? त्यो रंगाचा थेंब आसंल."

"रंगाचा थेंब मला कळत न्हाई का बे?"

"आबा, सारी उमर वाळूत गेली मव्ही. आमच्याकडं बोट दबलेला माल सापडला, की खडूनं फुली मारून त्याच मोल्डरच्या म्होरं ठिवायचे, दिवस मावळंपर्यंत. सगळे बघून जायचे. मव्ह्याम्होरं एकदाबी आला न्हाई."

"मंग तू लई शाना. पर मव्ह्या गाडीला हुतं."

इथं मी मधे पडायला हवं होतं, पण आबा पुढे जे बोलले ते मी कधी ऐकलं नव्हतं. गोळे भरणाऱ्याला बाहेरचं काही दिसत नाही, म्हणाले. तोफ वाजते, गाडी उसळते, आणि काय चाललंय ते दुसऱ्यांनी सांगितलं तरच कळतं. थांबा मिळाला की ते झाकणातून अर्धे वर यायचे आणि हात टोपावर टाकून बसायचे. अंगठा आपसूक त्या टेंगळावर जायचा. लोखंड गार असायचं. "भ्या वाटायचं," आबा म्हणाले. "लई भ्या वाटायचं. धराया दुसरं कायबी नव्हतं."

माझे वडील कधी भ्याले असतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गावात त्यांच्या मिशांनाच लोक टरकायचे. मी दुकानात परत आले आणि एका मुलीच्या जातीच्या दाखल्याच्या नको तितक्या प्रती काढून बसले.

त्यानंतर दिलावरभाईंनी आमचा जीव खाल्ला. उन्हाळ्यात टोप तयार झाला होता, मी स्वतः पाहिला. अक्षर, चारशे सतरा, खरबरीत कातडी, सगळं होतं. मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी पत्र्यापलीकडे काहीतरी फेकल्याचा आवाज आला. आकड्यांची उंची चुकली म्हणे. कशावरून, तर नगरला एका संस्थेच्या दारात तसाच एक जुना रणगाडा उभा आहे, त्यावरचं अक्षर यापेक्षा बुटकं असल्याचं त्यांना झोपेत आठवलं. लगोलग गेले एसटीने. त्या रणगाड्याला दर सव्वीस जानेवारीला ऑइलपेंटचा हात मारतात, त्यामुळे सगळे आकडे रंगात बुजलेले. हे चिंधी आणि थिनर घेऊन घासायला बसले. वॉचमनने कॉलर धरली. यांनी त्यालाच चिंधी धरायला लावली, असं हे सांगतात. भाभी सांगतात की ते तासभर त्याच्या चौकीत बसून होते.

"उंची घावली, ताई!" आल्या आल्या मला म्हणाले.

"दिलावरभाई, कावून एवढा घोळ घालायलात? आबांना हे अक्षर दिसणार तरी हाय का?"

"दिसू न्हाई तर न दिसू. चुकीचं कसं द्यायचं?"

या उत्तरावर मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण बोलायचं थांबून माझीच तगमग झाली. घरात आबा कप टेबलाच्या कडेच्याही पलीकडे ठेवायला लागले होते. टीव्ही लावायचे आणि पाठ करून बसायचे. कुणी आलं की आवाज ऐकेपर्यंत नाव घ्यायचे नाहीत. रोज जरा जरा कमी होत होतं आणि शेजारी हा माणूस टूथब्रशने टोप टोचत बसला होता. मी पत्र्यावर चापट मारायची. तिकडून आवाज यायचा, "आलं, ताई, आलं!" दुसरा टोप अक्षराच्या तिरक्या काठीवरून गेला. तिसरा गोंद जास्त झाला म्हणून गेला. दरवेळी मी विचारायची की आबांनी सांगितलेलं ते टेंगूळ घातलं का, आणि दरवेळी ते ग्राइंडर चालू करायचे.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळेल.

आणि दिवाळीत दिलावरभाई रणगाडा घेऊन आले. भाभी मागून शिरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या. "दिलावरची बाई आली का?" आबांनी बांगड्यांच्या आवाजावरून ओळखलं. इतकी वर्षं शेजार, पण आबांच्या लेखी भाभी कायम दिलावरची बाईच. रणगाडा फारच देखणा झाला होता, हे मला रागातही कबूल करावं लागलं. चाकांना चिखल, टोपाला ओतीव कातडी आणि झाकणाशेजारी मुंगीएवढं ते अक्षर आणि ते आकडे. आबांनी तो खिडकीकडे धरला. मग डोळ्याजवळ आणला. मग मान फिरवून उरल्यासुरल्या कोपऱ्यातून बघायचा प्रयत्न केला.

शेवटी त्यांनी रणगाडा मांडीवर घेतला आणि टोपावर अंगठा फिरवला. तो खडबडीत, राठ अंगठा. त्याला मुंगीएवढं अक्षर काय लागणार?

"वाटी हाय ही," आबा म्हणाले. "आन् ते टेंगूळ कुठाय?"

दिलावरभाई शिरखुर्म्याच्या डब्याचं बुड चाचपायला लागले.

"घातलं न्हाईस ना? तुझा रणगाडा लई बरोबर आसंल, दिलावर. मव्हा न्हाई ह्यो."

मला तेव्हा दिलावरभाईंना घराबाहेर काढावंसं वाटलं. तसं मी बोललेही. "तुमच्या पास-नापासच्या नादात आमच्या माणसाचे डोळे गेले," असंही बोलले. डोळे काही त्यांच्यामुळे गेले नव्हते, मला कळत होतं. पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं, आणि समोर ते होते. त्यांनी खाली मान घातली आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले. शिरखुर्मा तसाच राहिला.

मग दुकान बंद. ग्राइंडर नाही, डबे नाहीत. इतक्या वर्षांत त्या पत्र्यापलीकडे शांतता मी पहिल्यांदा ऐकली आणि मला ती सहन होईना. मी उगीच मशीन चालू-बंद करायची. भाभी येऊन बसायच्या. "जेवत न्हाईत," म्हणायच्या, "ताटाभोवती फिरायलेत. म्हनतेत, आबाला हाताला लागंल यवढं अक्षर केलं तर मापात खोटं, मापात खरं केलं तर हाताला लागत न्हाई. मी म्हनलं, मंग रणगाडा सोडा ना. नुस्ता तुकडा करा, खऱ्या मापाचा."

"मग?"

"मंग उठून वाळू चाळायला गेले."

दुसऱ्या दिवशी पत्र्यापलीकडून ओल्या वाळूचा वास आला. लोखंड वितळवण्याची सोय दुकानात नव्हती, म्हणून भाभींचा जुना ॲल्युमिनियमचा कुकर आणि मोटारींचे फुटके भाग एका मुशीत घालून खाली कोळसा आणि ब्लोअर लावला होता. सागवानी फळीवर ते अक्षर आणि आकडे खऱ्या उंचीचे, उठावाने कोरलेले. टोपाचा फक्त तेवढा तुकडा, ताटाएवढा, पाठीला बाक असलेला. मी आबांना हात धरून नेलं. त्यांना यायचं नव्हतं. मला तरी कुठे जायचं होतं, पण घरात बसवत नव्हतं.

दिलावरभाईंनी फळी वाळूतून उचलली. साचा सुबक निघाला होता, एक कण ढळलेला नाही. ते त्या साच्याकडे बघत उकिडवे बसले. उठले, फेरी मारली, परत बसले. कपाळावर घाम. तेव्हा मला कळलं की या माणसाला जन्मात पहिल्यांदा चांगला साचा हाताने नासवायचाय आणि ते त्याला जमत नाहीये. माझा राग तिथं गेला.

"आबा, साताच्या पायाशीच ना?"

"हां."

त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा वाळूत दाबला.

ओतलं, निवलं, वाळू झटकली. आबांनी तुकडा मांडीवर घेतला. बोटं आधी तिरक्या काठीवरून गेली, मग चारवर, मग एकवर. सातावरून बोट खाली उतरलं आणि अंगठा टेंगळावर जाऊन बसला. मी दिलावरभाईंकडे बघितलं. ते उभे होते, पण पाय जागेवर नव्हते.

आबांनी मान हलवली. नाही.

"जागा तीच. आकडं तेच. पर ह्यो बाप्या हाय, दिलावर. तुझा आंगठा पसरट हाय. त्यो बारीक हुता. टोकाला निमुळता." त्यांनी अंगठा पुन्हा टेंगळावर फिरवला. "बाईचा आसंल."

मला वाटलं, आता हा माणूस वेडा होणार. दिलावरभाईंनी स्वतःचा अंगठा बघितला, चपटा, नखाशी फुटलेला. मग त्यांची नजर भाभींकडे गेली. भाभी दाराशी चहाची किटली घेऊन उभ्या होत्या.

"हिकडं ये."

"मी कशाला?"

"आंगठा दाब."

भाभींनी किटली खाली ठेवली, पण पुढे आल्या नाहीत. "सारी उमर मला साच्याला हात लावू दिला न्हाई तुमी," त्या म्हणाल्या. "कोर द्यायला आले तर म्हनायचे, लांब उभी ऱ्हा, वाळू ढळंल."

"म्हनायचो."

"आन् आता?"

"आता ढळू दे," दिलावरभाई म्हणाले.

त्यांनी वाळू पुन्हा भरली, ठोकली, फळी उठवली. भाभींनी पदराला हात पुसला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि साताच्या पायाशी अंगठा टेकवला. घाबरत नाही, चांगला वजन देऊन. कोर करणाऱ्या बाईला वाळू किती दाबायची ते कोण शिकवणार? दिलावरभाईंनी वाकून तो खड्डा बघितला आणि काही सुधारलं नाही. तोच तुकडा परत मुशीत घालून वितळवला आणि ओतला. निवायच्या आधीच हे साचा फोडायला निघाले, तेव्हा भाभींनी त्यांच्या हातावर फटका मारला. मग ते दाराबाहेर जाऊन येरझारा घालू लागले. मीही त्यांच्यामागून बाहेर गेले. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या आणि आम्ही दोघं त्या मोजल्यासारखं करत होतो.

तुकडा अजून कोमट होता. "गार हुऊ दे," आबा म्हणाले, "त्यो गार हुता." दिलावरभाईंनी तो बादलीतल्या पाण्यात बुडवला, पुसला आणि आबांच्या हातात दिला.

या वेळी आबांनी अक्षर शोधलं नाही, आकडेही नाहीत. हात टोपावर टाकतात तसा त्यावर टाकला. अंगठा आपला आपण गेला आणि थांबला. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांनी तो झटकला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मी ते पुसलंही नाही, कारण बघणारं कोण होतं? दिलावरभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते. अगदी स्तब्ध. हातसुद्धा हलत नव्हते.

मग आबा बोलले. आमच्याशी नाही. ते जिच्याशी बोलत होते तिने रशियातल्या कुठल्या तरी बर्फाच्या गावात, कधी तरी, घाईत वाळूवर अंगठा टेकवला असेल.

"बाई," आबा म्हणाले, "लई आधार दिलास बग. पर तुझं नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं."

भाभींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. इतक्या वर्षांच्या शेजारात हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"रहेमतबी," त्या म्हणाल्या.